स्पीअरगन घेताना आधी पाणी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या मराठी तरुणांच्या छंदांवर आपल्या रविवार पुरवणीत जो लेख आला, त्यात श्वास रोखून पाण्याखाली भाल्याने मासे मारण्याच्या छंदाची, म्हणजे स्पीअरफिशिंगची, ओळख चांगली करून दिली आहे. मात्र नवशिक्याने एकदाच पैसे घालून १३० सेंटिमीटर नळीची, दोन रबरांची बंदूक (स्पीअरगन, म्हणजे ताणलेल्या रबराच्या जोरावर भाला फेकणारी बंदूक) घ्यावी, म्हणजे लहान-मोठे सगळे मासे एकाच बंदुकीत भागतात, हा त्यातला सल्ला चुकीचा आहे. या छंदात चुकीच्या सल्ल्याची किंमत नुसत्या पैशात मोजली जात नाही, म्हणून हे सविस्तर पत्र. उदाहरणे सिडनीच्या किनाऱ्याची घेतली आहेत, कारण तिथे हा छंद धरणारी मराठी मुले बरीच आहेत आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कितीची घेऊ?’ हाच असतो.

बंदुकीची लांबी पाणी किती नितळ आहे त्यावर ठरते. मासा केवढा मारायचा हा प्रश्न त्यानंतरचा. सिडनीच्या खडकाळ टोकांभोवती साधारण दिवशी पाच ते दहा मीटर दिसते. मोठा पाऊस झाला की तेच पाणी दोन-तीन मीटरवर येते आणि खाड्यांच्या तोंडाशी तर काही दिवस उतरूच नये, कारण गढूळ पाण्यात बुल शार्कचाही धोका वाढतो. आता १३० ची बंदूक हात लांब करून धरली, तर डोळ्यापासून तिचे तोंड सुमारे पावणेदोन मीटरवर येते. भाल्याचे टोक त्याच्याही पुढे जवळपास अर्धा मीटर. पाणी तीन मीटर दिसत असेल तर टोकापुढे दिसणारी जागा उरली मीटरभरसुद्धा नाही. मासा दिसेल तेव्हा तो टोकाला लागलेला असेल, किंवा बाजूने येईल आणि तेवढी लांब नळी पाणी कापत वळवेपर्यंत निघून जाईल. त्याहून वाईट म्हणजे सुटलेला भाला तोंडापासून चार-पाच मीटर जातो, म्हणजे नजर संपते त्याच्या पलीकडे. तुमचा जोडीदार त्या पलीकडच्या पाण्यात असू शकतो. गढूळ पाण्यात लांब बंदूक नको म्हणतात, त्याचे खरे कारण हे आहे.

म्हणून तीन मीटरपर्यंत दिसणाऱ्या पाण्यात, कपारीत, खांबांच्या आसपास ७५ सेंटिमीटरची बंदूक पुरते; तिचा कामाचा पल्ला तोंडापासून दोन-अडीच मीटर. पाच ते दहा मीटरच्या पाण्यात ९० किंवा १००; पल्ला तीन मीटर, फार तर साडेतीन. पाणी सतत दहा मीटरच्या वर नितळ असेल आणि मासा बुजरा असेल तर ११०. त्याच्या पुढच्या १२०-१३० च्या बंदुका उघड्या समुद्रात, तळ न दिसणाऱ्या निळ्या पाण्यात, होडीवरून उतरणाऱ्यांसाठी आहेत. सिडनीत एकच बंदूक घ्यायची असेल तर मी ९० सांगेन; उंच आणि लांब हातांच्या माणसाला १००. ल्युडरिक, मॉरवाँग, लेदरजॅकेट हे खडकावरचे मासे तिने मिळतातच, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस जवळ येणारी यलोटेल किंगफिशसुद्धा (ही आपली सुरमई नव्हे) मिळते, जर नेम चांगला असेल आणि पुढची दोरी नीट बांधलेली असेल.

पल्ल्याबाबत नवशिक्याची हमखास फसगत होते ती मास्कमुळे. पाणी, काच आणि हवा यांतून प्रकाश वाकतो, त्यामुळे वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर आणि सुमारे एकतृतीयांश मोठी दिसते. चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर वाटतो. माणूस चाप ओढतो, भाला माशापर्यंत पोचतो पण जोर संपलेला असतो, खवले उडतात आणि जखमी मासा कपारीत जाऊन मरतो. यावर जास्त रबर चढवणे हा उपाय नाही. मासा ‘मारण्याजोगा’ वाटला की अजून हातभर जवळ जाऊ द्यायचा. नेम गालाच्या कडेमागे, मधल्या रेषेच्या जरा वर. तिथे मणका सापडतो आणि मासा जागीच थांबतो. पोटात मारलेला मासा फाटून सुटतो.

आता भाला. आपल्याकडच्या लेखांत बंदुकीचे वर्णन असते आणि भाल्याचा उल्लेख एका ओळीत संपतो, पण माशाला लागतो तो भालाच. साध्या युरोपीय किंवा दक्षिण आफ्रिकी धाटणीच्या बंदुकीत तो नळीपेक्षा सुमारे ४० सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे ९० ला १३० चा, ११० ला १५० चा. जाडी साडेसहा ते आठ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने काय होते ते वजनावरून कळेल: १३० सेंटिमीटरचा पोलादी भाला साडेसहा मिलिमीटरचा असेल तर सुमारे ३४० ग्रॅम भरतो, सात मिलिमीटरचा असेल तर ३९०. साडेसात मिलिमीटरचा १५० सेंटिमीटरचा भाला ५२० ग्रॅमचा, आणि आठ मिलिमीटरचा १७० चा भाला ६७० च्या आसपास. हलका भाला लवकर सुटतो पण लवकर मंदावतो, आणि खडकावर आपटला की वाकतो. जड भाल्याला धाव घ्यायला जास्त रबर लागते, जास्त रबराचा धक्का मनगटाला बसतो आणि नेम वर जातो. ९० च्या बंदुकीला सात मिलिमीटरचा भाला हा सर्वांत समतोल जोड आहे. त्याच बंदुकीवर साडेसहाचा भाला ठेवून १६ मिलिमीटरची दोन रबरे ओढली, तर सुटताना भाला मधोमध लवतो, सापासारखा वळवळत जातो आणि टोक कुठे लागेल याचा भरवसा राहत नाही. ‘बंदूक वाकडी मारते’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा बंदुकीचा दोष नसतो. रबर भाल्याला झेपत नसते.

दुकानात भाला काचेच्या काउंटरवर ठेवून हलकेच लोळवावा. खाली उजेडाची फट उघडझाप करत असेल तर तो वाकलेला आहे. फ्लॉपर, म्हणजे टोकामागचा उलटा उघडणारा आकडा, भाला फिरवल्यावर स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे. बोटाने ढकलावा लागत असेल तर माशातून आरपार गेल्यावर तो उघडणार नाही आणि भाला गेल्या वाटेने परत येईल. रबर अडकवण्यासाठी भाल्यावर कोरलेल्या खाचा असतात किंवा वर बसवलेले लहान पंख. खाचेपाशी भाला कमजोर होतो आणि मोठा मासा पिळला की तिथेच वाकतो. पंखवाला थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. टोक बोथट झाल्यावर कानशीने, तीन बाजू धरून, हाताने लावावे. ग्राइंडरवर धरल्यास पोलाद तापून निळे पडते, त्याचे पाणी उतरते, आणि पुढच्या खडकावर टोक मेणासारखे दुमडते.

रबराचा हिशोब प्रत्येकाने स्वतः करायला शिकावे, कारण तयार मिळणारे रबर दर वेळी आपल्या बंदुकीच्या मापाचे नसते. भाला बसवून बंदुकीच्या तोंडापासून ज्या पंखात रबर अडकवणार तिथपर्यंतचे अंतर मोजा. ९० च्या बंदुकीवर ते समजा ८० सेंटिमीटर भरले. पंखात अडकणाऱ्या डायनीमाच्या (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या) दोरीचा फास त्यातले तीनेक सेंटिमीटर घेतो, उरले ७७. दोन्ही बाजूंचे मिळून १५४. याला ३.२ ने भागले की ४८ सेंटिमीटर. एवढे रबर कापायचे, आणि दोन्ही टोकांच्या गाठींसाठी दीड-दोन सेंटिमीटर निराळे. शिकत असताना ३ ने भागा, म्हणजे ५१ सेंटिमीटर. ओढायला सोपे जाते आणि तीन मीटरच्या पल्ल्यात फारसा फरक पडत नाही. ३.५ च्या वर भागू नका. तेवढे ताणलेले रबर काही आठवड्यांत मरते, धक्का वाढतो, आणि भाल्याचा वेग त्या मानाने वाढत नाही. जाडी १६ मिलिमीटर, एकच रबर. किंवा ओढायला हलकी पडतात म्हणून १४ ची दोन. ११० ला साडेसात मिलिमीटरच्या भाल्यावर १६ ची दोन चालतात. फास डायनीमाचाच असावा. पोलादी तारेचा फास सुटताना बोट सापडले तर हाडापर्यंत जातो.

रबर उन्हाने मरते. मोटारीच्या मागच्या काचेखाली ठेवलेली बंदूक एका उन्हाळ्यात बाद होते. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, काळ्या पिशवीत ठेवावी. गाठीजवळ आणि बंदुकीच्या तोंडात जिथे रबर घासते तिथे बारीक चिरा दिसल्या की ते रबर टाकून द्यायचे, कारण ते तुटते नेमके छातीपर्यंत ओढलेले असताना.

ओढता येणे हीसुद्धा निवडीचीच बाब आहे. दुकानात बंदुकीचा दस्ता छातीच्या मधल्या हाडाला लावा आणि दोन्ही हात सरळ करा. ढिले रबर दोन्ही हातांत सहज येते का? येत नसेल तर ती बंदूक तुम्हाला लांब आहे. मांडीला किंवा कमरेला टेकून दोन टप्प्यांत भरता येते, पण लाटेत गटांगळ्या खाताना ते जमणे कठीण. दोन्ही हात एकाच वेळी, एकाच जोराने मागे यायला हवेत. एका हाताने जास्त ओढले की फास तिरका बसतो आणि भाला बाजूला जातो. वेटसूटला (पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाला) छातीवर जाड पॅड असलाच पाहिजे.

चापाची यंत्रणा पोलादाची असावी, प्लास्टिकची नको. भाल्याचे शेपूट आत सरकवल्यावर स्पष्ट ‘टक्’ आवाज येतो. त्यानंतर भाला हाताने जोरात पुढे ओढून पाहावा. इथे एक धोका आहे, जुन्या बंदुका घेणाऱ्यांनी तो विशेष लक्षात ठेवावा. शेपटाची खाच प्रत्येक कंपनीची वेगळी असते. दक्षिण आफ्रिकेच्या रॉब अॅलनचा भाला इटलीच्या क्रेसीच्या यंत्रणेत ‘टक्’ करून बसल्यासारखा वाटू शकतो, आणि पूर्ण ताण आल्यावर निसटू शकतो. अशा वेळी भाला तुम्ही तोंड जिकडे धरले असेल तिकडे, तुम्ही चापाला हातही न लावता, सुटतो. म्हणून बदली भाला त्याच कंपनीच्या, त्याच यंत्रणेसाठी केलेला घ्यावा. सेफ्टीच्या खटक्यावर विसंबू नये. तो फक्त चाप अडवतो, झिजलेली खाच अडवत नाही.

बंदुकीचे तोंड वरून उघडे की बंद, यावर दुकानदार तासभर बोलतात. नवशिक्याला दोन्ही चालतात. उघड्या तोंडातून भाला नीट दिसतो, पण दोरी सैल असेल तर भाला नळीवरून उचलला जातो. बंद तोंडात तो कोंदणात राहतो, गढूळ पाण्यात, अंधाऱ्या कपारीत चाचपून भरायला सोपे. नळी अॅल्युमिनियमची पुरे. कार्बन हलके आणि महाग. लाकडी बंदूक जड असल्याने धक्का खाते, म्हणून मोठ्या माशांसाठी चांगली, पण खडकाळ उथळ पाण्यात ती वळवताना दम लागतो. भाला सुटल्यावर रिकामी बंदूक तरंगली पाहिजे, एवढे मात्र पाहाच.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका आखूड असून जोरकस असतात, भरायला एकच हालचाल, कपारीतल्या शिकारीला उत्तम. पण आतली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) मिठाच्या कणाने चिरते, दाब हळूहळू उतरतो, आणि दुरुस्ती घरी जमत नाही. रोलर बंदुकीत रबर तोंडावरच्या चाकांवरून खाली वळते, त्यामुळे आखूड नळीत जास्त ओढ मिळते आणि धक्का कमी बसतो. दोरी, चाके, ताण यांची जुळवाजुळव मात्र बरीच. दोन्ही दुसरी बंदूक म्हणून घ्याव्यात.

दोरीबद्दल लेखात काहीच नव्हते. भाल्यापासून बंदुकीच्या तोंडापर्यंत तंगूस लागते, पावणेदोन ते दोन मिलिमीटर जाडीची. शेपटापासून तोंडाकडे, तिथून मागे चापाजवळच्या आकड्यापर्यंत आणि परत तोंडाशी. एवढा एक फेरा ९० च्या बंदुकीवर सुमारे अडीच मीटर होतो, आणि भाल्याची लांबी धरून टोक पावणेचार मीटरपर्यंत पोचते. पल्ल्याला हे पुरेसे आहे. दोन फेरे गुंडाळले की गुंता वाढतो. गाठ मारू नये, जाड तंगूस गाठीत निम्मी कमजोर होते. दुहेरी नळीचे अॅल्युमिनियमचे क्रिंप (दोरी पकडून ठेवणाऱ्या बारीक धातूच्या नळ्या) घालून चिमट्याने दाबावे, क्रिंपची दोन्ही तोंडे न दाबता किंचित उघडी ठेवावीत म्हणजे कडा तंगूस कापत नाही, आणि बाहेर आलेल्या टोकाला लायटरने मणी करावा. तोंडाशी दहा सेंटिमीटरचा रबरी झटकाशोषक बांधला की मोठ्या माशाचा पहिला हिसका तंगुसावर येत नाही. खडकाला घासून तंगूस खरखरीत झाली की लगेच बदलावी.

बंदुकीच्या मागे तरंगती दोरी आणि फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा फुगा, हवा. पाच ते दहा मीटर खोलीला वीस-पंचवीस मीटर दोरी, वर निळा-पांढरा झेंडा, म्हणजे होडीवाल्यांना खाली माणूस आहे हे कळते. दोरी बंदुकीला बांधावी, कमरेला किंवा मनगटाला कधीही नाही. मोठी किंगफिश लागली की ती सरळ खडकात शिरते. बंदूक हातातून सोडून देता आली पाहिजे आणि फ्लोट धरून वरून खेळता आले पाहिजे. रीलचा, म्हणजे बंदुकीवर बसणाऱ्या दोरीच्या चकरीचा, विचार हे सगळे जमल्यावर करावा.

बंदूक फक्त पाण्यात भरायची आणि पाण्यातच रिकामी करायची. होडीच्या शिडीला हात लावण्याआधी, किनाऱ्याच्या पहिल्या खडकावर पाय ठेवण्याआधी रबरे उतरलेली असली पाहिजेत. हवेत एकदाही सोडू नये. पाण्याचा विरोध नसल्याने भाला दोरीला पूर्ण जोराने हिसका देतो, तंगूस तुटते किंवा भाला उलटून मागे येतो. जोडीने उतरावे, एक खाली तर एक वर, आणि वरच्याने खालच्यावर नजर ठेवावी. श्वास रोखून वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये शुद्ध हरपू शकते आणि आधी काही जाणवतही नाही, म्हणून दोन बुड्यांमध्ये बुडीच्या किमान दुप्पट वेळ पृष्ठभागावर घालवावा. जोडीदार नसेल तर उत्तम बंदूकही घरीच ठेवावी.

सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साऊथ वेल्समध्ये मनोरंजनाच्या मासेमारीचा परवाना लागतो. स्कूबाची टाकी लावून भाल्याने मासे मारता येत नाहीत, दिवा वापरता येत नाही, गोड्या पाण्यात मुळीच नाही. समुद्रावरच्या वाळूच्या किनाऱ्यांवर दोन्ही टोकांचे शेवटचे २० मीटर सोडले तर बंदी आहे. ब्लू ग्रोपर हा त्या राज्याचा मानाचा मासा; तो निर्भयपणे जवळ येतो, माणसाच्या मागे मागे पोहतो, आणि त्याला भाल्याने मारणे गुन्हा आहे. तपकिरी-लालसर दिसतो तोही ग्रोपरच, मादी किंवा पिल्लू. नवशिक्यांनी त्याचे चित्र आधी पाहून ठेवावे. लॉब्स्टर आणि शिंपले फक्त हाताने. किंगफिश ६५ सेंटिमीटरहून लहान नको, दिवसाला पाचपेक्षा जास्त नको. सिडनीतल्या मॅनलीजवळच्या कॅबेज ट्री बेमध्ये काहीच मारता येत नाही.

शेवटचा मुद्दा सुट्टीत बंदूक घेऊन गावी निघणाऱ्यांसाठी. मॉरिशसमध्ये पाण्याखाली बंदुकीने मासेमारी करण्यास मनाई आहे. तिथल्या मराठी नातेवाइकांकडे जाताना ती सामानात घालूच नये. मालदीवमध्येही हीच गत. विमानात केबिनमध्ये स्पीअरगन चालत नाही. चेक-इन सामानात न्यायची तर भाला वेगळा काढून टणक नळीत, टोकाला रबरी बूच लावून, आणि हवेची बंदूक असेल तर दाब पूर्ण सोडून. विमान कंपनीची परवानगी आधी लेखी घ्यावी. कोकणात उतरण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातही लेखी विचारावे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी त्यात येते. तिथे बंदूक घेऊन उतरणे म्हणजे वन विभागाच्या कारवाईला आमंत्रण. कासवे, प्रवाळ आणि देवमाशाएवढा व्हेल शार्क यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि अजस्र हेकरू, म्हणजे जायंट ग्रुपर, २००१ साली त्याच कायद्याच्या अनुसूचीत घातला गेला. शिवाय पावसाळ्यानंतर कितीतरी दिवस किनाऱ्याजवळ दोन मीटरही दिसत नाही. अशा पाण्यात सिडनीहून आणलेली ९० चीसुद्धा लांबच पडते.

पुरवणीत ही दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती. तो लेख वाचून कोणी १३० ची बंदूक मागवली असेल, तर तिची रबरे न चढवता ती दुकानात परत करून ९० ची घेता येते का, हे त्याने आधी विचारून पाहावे.

आपला,
एक वाचक, सिडनी